पोटातलं ओठांवर

फर्निचरच्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘बारीक’ म्हणत. एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा ती काडीसारखी होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे बारीक काम तिच्याइतकं कोणाला जमत नसे. खुर्चीच्या नक्षीत थेंब साचू न देता पॉलिशचं फडकं फिरवायचं, जुन्या टेबलावरचा कपाचा पांढरा डाग मूळ रंगाला धक्का न लावता काढायचा, अशी कामं तिच्याकडेच यायची. आता ती एकतीस वर्षांची होती, अंगानंही भरली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

कारखान्यात मालकिणीला धरून चौदा माणसं. पुढे सुतार, वर माडीवर गाद्या-उशा शिवणाऱ्या बायका, आणि मागे काचेच्या दाराची पॉलिशखोली. पॉलिशखोलीत तिघंच. एक मिस्त्री, ज्यांनी चाळीस वर्षं थिनर हुंगून आपलं नाक पार बाद करून घेतलं होतं. दुसरा स्प्रेगन चालवणारा तिशीतला गडी. त्याला सगळे घाईराव म्हणत, कारण पहिला हात वाळायच्या आत तो दुसरा हात मारायला निघालेला असे. आणि तिसरी बारीक. मिस्त्रींना वास येत नसल्यामुळे लॅकरचा डबा उघडला की तो आधी तिच्या नाकाखाली धरला जाई. “बिघडलाय का गं?” ते विचारत. ती म्हणेल ते खरं.

मालकिणीला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. नवरा गेल्यावर लोकांनी त्यांना कारखाना विकायचा सल्ला दिला होता. त्यांनी तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लाकूड आणायला गेल्या. साठी ओलांडली तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. माणूस प्रेमळ. कोणी आजारी पडलं तर स्वतः डबा घेऊन घरी जाणाऱ्या.

तर एका सकाळी, कामावर निघायच्या तासभर आधी, बारीकनं न्हाणीघरात गर्भचाचणीच्या पट्टीवर दोन रेघा पाहिल्या. पट्टी टॉवेलात गुंडाळून ती बाहेर आली. नवरा बुटाचे बंद बांधत होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि सकाळची पहिली बंद लिफ्ट कायम लांबच्याच इमारतीत असायची.

“ऐक ना,” ती म्हणाली, आणि टॉवेल उलगडून दाखवला.

“परत?” तो म्हणाला. लगेच त्याच्या लक्षात आलं की हा शब्द नको होता. बंद तसाच सोडून तो उठला आणि त्यानं तिचा हात धरला.

‘परत’ला कारण होतं. मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात त्यांचं एक मूल राहिलं नाही. घरात तिघांनाच माहीत होतं: ती, तो आणि सासूबाई. कारखान्यात तिनं ताप आल्याचं कळवलं आणि तीन दिवसांनी कामावर गेली. बाई म्हणाल्या, “तापानं उतरलीस गं,” आणि त्यांनी तिला बारा माणसांचं जेवणाचं टेबल पॉलिशला दिलं. दिवसभर ती त्या टेबलाभोवती फिरत राहिली. तिच्या शेजारी घाईराव शीळ घालत होता, मधूनच तिला एखादा विनोद सांगत होता, आणि ती हसतही होती.

या वेळी सातव्या आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी वजन घेतलं, रक्तदाब पाहिला आणि लिहिता लिहिता विचारलं, “काम काय करता?”

“पॉलिश.”

“नखांना?”

“टेबलांना.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग कशानं पॉलिश करता, खोली केवढी, खिडक्या किती, तोंडाला काय बांधता, असं एकेक विचारून घेतलं. बारीकनं सगळं सांगितलं. तोंडाला बांधतो ते साधं फडकं, हेही सांगितलं.

“थिनरचा वास जिथे येतो तिथे तुम्ही उभं राहायचं नाही. स्प्रेगन तर नाहीच नाही.”

“मग उभी राहू कुठे?”

“वास येणार नाही तिथे.”

“अख्ख्या कारखान्यात तशी जागा म्हणजे बाईंची केबिन.”

“मग बाईंना सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच मिटला होता.

घरी मात्र तिथूनच सुरू झाला. सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला. पस्तीस वर्षं लोकांची बोलणी कानावर पडली, पण एक अक्षर ओठांवर आलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. त्या म्हणाल्या, “तिसरा महिना पुरा होईपर्यंत चकार शब्द काढू नकोस. एकदा सांगितलं की ते तुझं राहत नाही. आणि काही कमी-जास्त झालं तर? एकेकाला गाठून सांगत बसशील, नाही हो, आता तसं काही नाही? मी या लबाडाच्या वेळी सहाव्या महिन्यापर्यंत लपवलं होतं. तेव्हा पोट दिसलं की बाईला घरीच बसवायचे. मी सैल कपडे शिवून घेतले आणि खुर्ची टेबलाच्या आत ओढून बसायला लागले.”

लबाड, म्हणजे नवरा, म्हणाला, “पण आई, डॉक्टरांनी थिनर बंद सांगितलंय. न सांगता ते बंद कसं करायचं?”

“ते तुम्ही बघा,” सासूबाई म्हणाल्या. “मी फक्त तोंड कसं बंद ठेवायचं ते सांगतेय.”

बारीकला बाईंच्या रागाची भीती नव्हती. राग परवडला असता. भीती होती ती त्यांच्या मायेची. दोन वर्षांपूर्वी माडीवरच्या शिलाईवालीनं दुसऱ्याच महिन्यात मोठ्या आनंदानं सगळ्यांना बातमी दिली होती. बाईंनी तिला कुशीत घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी हातांची खुर्ची आली, पाय ठेवायला स्टूल आलं, आणि “मशीन नको आता, पाठ धरेल” म्हणून तिला पॅकिंगच्या टेबलाशी बसवलं. मशीनवर दुसरी आली. बाळंतपण झालं, शिलाईवाली परतली, पण दुसरीचा हात बसला होता, आणि तिला उठवायचं कसं? बाईंनाच वाईट वाटायला लागलं. “तू अजून ओली बाळंतीण आहेस, थोडे दिवस पॅकिंगच बरं,” त्या म्हणाल्या. ते थोडे दिवस अजून संपायचे होते. माडीवर सगळ्यांत सरळ टीप घालणारी बाई आज खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. कोणी तिचं वाईट केलं नव्हतं. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं.

म्हणून बारीकनं खोटं सांगितलं. “थिनरची ॲलर्जी झालीय. डॉक्टर म्हणाले, काही दिवस लांब राहा.”

बाईंनी लगेच मान्य केलं. मागच्या अंगणात पत्र्याखाली तिच्यासाठी एक बाक टाकला गेला. सँडपेपरनं घासायचं, जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, हे सगळं ती तिथे करू लागली. घाईराव दोन दिवस कुरकुरला. “बारा वर्षांत झाली नाही आणि आताच बरी ॲलर्जी झाली. मलाही एक आणून दे.” पण तिच्या वाटणीचं स्प्रेचं काम त्यानं उरकलं, अर्थातच वेळेच्या आधी.

मिस्त्री काही बोलले नाहीत. आठवडाभरानं ते डबा घेऊन अंगणात आले, तिच्यापासून चांगली पाच पावलं लांब थांबले आणि म्हणाले, “हा बिघडलाय का, ते तिथूनच सांग.”

“मिस्त्री, इतक्या लांबून कसं कळेल?”

“कळेल. माझ्या बायकोला गल्लीच्या तोंडाशी कोणी कांदा चिरला तरी घरात कळायचं. दोन्ही वेळेला.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डबा खरंच बिघडलेला होता आणि तिला ते पाच पावलांवरून कळलं होतं.

“मी काही विचारलं नाही,” मिस्त्री म्हणाले. “तूही काही सांगितलं नाहीस. डबा फेकून देतो.”

नवव्या आठवड्यात कारखान्याला मोठं काम मिळालं. शहरातल्या जुन्या वाचनालयाच्या वाचनकक्षातल्या एकशेवीस खुर्च्या आणि दहा लांब टेबलं नव्यासारखी करून द्यायची होती. वाचनकक्ष बंद ठेवता येत नव्हता, म्हणून पंधरा-पंधरा खुर्च्या न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या. ग्रंथपाल स्वतः बोलायला आला होता. त्याची एकच अट होती. “वास नको. लोक दिवसभर बसतात हो तिथे. मागे एकानं कपाट रंगवून दिलं, तर महिनाभर सगळ्यांची डोकी धरली होती.”

मिस्त्री दोन-अडीच महिन्यांत काम सोडणार होते. गुडघ्यांनी त्यांना आधीच सोडलं होतं. या कामाची जबाबदारी कोणावर येणार याचे अंदाज पुढच्या सुतारांमध्येही सुरू झाले.

बारीकच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. पाण्यात मिसळून लावायचं पॉलिश बाजारात कधीचं आलं होतं. त्याला थिनर लागत नाही, वासही जेमतेम. पण कारखान्यात त्याची चेष्टाच व्हायची. मिस्त्री त्याला ‘पातळ चहा’ म्हणत. तिनं एक डबा आणवला आणि अंगणात एका मोडक्या खुर्चीच्या पट्ट्यांवर लावून बघितला. पहिल्या पट्टीवर पाणी लागताच लाकडाचे तंतू उभे राहिले आणि ती दाढी न केलेल्या गालासारखी खरखरीत झाली. दुसरीवर गडद लाकडावर निळसर धुकं धरलं. तिसरी बरी झाली, पण मेल्यासारखी दिसत होती, आतला रंग वर येतच नव्हता.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले आणि पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. “पाण्यानं तंतू उभे राहणारच. मग आधीच उभे कर ना. ओलं फडकं फिरव, वाळू दे, घासून टाक. एकदा मान खाली घातली की परत उठत नाहीत. आणि खाली लाखेचा एक हात दे, रंग वर येईल.”

“लाखेत स्पिरिट असतं, मिस्त्री.”

“तो हात मी देतो, आत. तू वरचे दे, इथे.” मग जरा थांबून म्हणाले, “पातळ चहा आहे, पण कप चांगला असला की पिता येतो.”

पाचवी पट्टी उत्तम झाली. तिनं ती उन्हात धरली, पाण्याचे थेंब टाकून रात्रभर ठेवली, नखानं ओरबाडून पाहिली. पट्टी तशीच राहिली.

दहाव्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला तिन्ही बाजूंनी काचा होत्या. आतलं ऐकू जात नसे, पण सगळ्यांना दिसे.

“मिस्त्रींच्या जागी तू,” बाई म्हणाल्या. “पॉलिशखोली तुझी. वाचनालयाचं काम तू बघायचंस, पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या टेबलापर्यंत. ॲलर्जी काय, आज आहे उद्या नाही. हो म्हण.”

बारा वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. “मला दोन दिवस द्या, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. “विचार कसला करायचाय यात?” पण दोन दिवस दिले.

संध्याकाळी घरी तिघं जेवायला बसले. नवरा म्हणाला, “सरळ आहे. आधी हो म्हण, कामाला हात घाल, आणि तीन महिने झाले की सांग. मग काय काढून घेणार आहेत का? आम्हीसुद्धा लिफ्टमध्ये अडकलेल्यांना आधी सांगतो, घाबरू नका, आलोय. काय तुटलंय ते नंतर.”

“आणि त्यांना वाटणार नाही, हिनं जागा मिळेपर्यंत तोंड दाबून ठेवलं म्हणून?”

“वाटेल. चार दिवस वाटेल.”

ती सासूबाईंकडे वळली. त्या आपलं ताट सारखं करत होत्या. “तुम्ही काय म्हणता, आई?”

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. “मी सहाव्या महिन्यापर्यंत लपवलं हे खरं. पण माझ्या खुर्चीला वास नव्हता. तू तिथे अंगणात बसून राहणार आणि ती खोली आत. किती दिवस ॲलर्जी ॲलर्जी करशील?”

“तेच तर.” तिनं घास खाली ठेवला. “आणि दुसरंही आहे. मागच्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून कोणाला परत सांगावं लागलं नाही. तुम्ही म्हणता तसंच. पण त्या टेबलाला पॉलिश करताना घाईराव माझ्या शेजारी शीळ घालत होता. त्याचा काय दोष? त्याला माहीतच नव्हतं. मी दिवसभर हसले त्याच्या विनोदांना. मला तसं परत नाही करायचं. झालं तर चांगलंच होईल, पण नाहीच झालं, तर मला तिथे रडता आलं पाहिजे.”

सासूबाई उठल्या, जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “सांगून टाक. पण हात हलवत जाऊ नकोस. काय हवंय ते ठरवून जा. आमच्याकडे फोन लावणारी निम्मी माणसं, कुठला नंबर हवाय विचारलं की गप्प बसायची.”

तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतारांची करवत सुरू व्हायच्या आधी, पाचवी पट्टी हातात घेऊन ती केबिनमध्ये गेली.

“बाई, मी पोटुशी आहे. अकरावा आठवडा चालू आहे.”

बाईंचा चेहरा उजळला, मग लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आणि ॲलर्जी?”

“खोटं बोलले.”

“म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तू दरवाजे स्प्रे केलेस, तेव्हा…”

“तेव्हा मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आत पाऊल टाकलेलं नाही.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. “अगं, माझ्याशी खोटं? बारा वर्षं झाली तुला इथे. मी काय खाल्लं असतं का तुला?” त्या खरोखर दुखावल्या होत्या. पण लगेच त्यांचा आवाज मऊ झाला. “जाऊ दे. ऐक. तू आता घरी बस. छान आराम कर, बाळाला सांभाळ. वाचनालयाचं मी बघते काहीतरी. घाईरावला उभा करते. तुझी जागा काय कुठे पळून जातेय?”

“जागा पळत नाही, बाई. माणूस सरकतो.”

“म्हणजे?”

बारीकला घाम फुटला होता, पण घरी ठरवून आलेलं ती बोलली. “मला घरी नाही बसायचं. मला पॉलिशखोली हवीय. वाचनालयाचं काम मी करीन, आणि थिनरशिवाय करीन. ही बघा पट्टी. खाली लाखेचा हात मिस्त्रींचा, वर पाण्यातलं पॉलिश माझं. ग्रंथपालांना वास नको होता, हिला वास नाही. आठव्या महिन्यापर्यंत मी येईन. मग पाच महिने सुटी. परत आले की हीच जागा. आणि हे सगळं मला लिहून द्या.”

बाईंनी पट्टीकडे पाहिलंच नाही. “लिहून? माझ्या शब्दावर विश्वास नाही तुझा?”

“शब्दावर आहे, बाई. मायेची भीती वाटते.”

बाईंना हे समजलं नाही, हे तिला दिसलं. मग तिनं माडीवरच्या शिलाईवालीचं नाव घेतलं. खुर्ची, स्टूल, मशीन, पॅकिंगचं टेबल, सगळं सांगितलं, आवाज न चढवता. “तुम्ही तिचं कधी वाईट चिंतलं नाहीत. पण ती अजून चिकटपट्टी लावतेय.”

काचेबाहेर करवत सुरू झाली. बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, परत काढला. “जा तू आता,” त्या म्हणाल्या. “मला विचार करू दे.”

तो दिवस लांबला. बारीक अंगणात बसून एकच फळी घासत राहिली. दुपारी तिनं मान वर केली तेव्हा माडीच्या खिडकीत बाई दिसल्या. पॅकिंगच्या टेबलाशी खोक्यावर बसून त्या शिलाईवालीशी बोलत होत्या. बोलत होत्या म्हणण्यापेक्षा ऐकत होत्या, कारण हात शिलाईवालीचेच हलत होते. बराच वेळ ते चाललं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. टाइप त्यांनी स्वतः केला होता. ‘पॉलिशखोली’ दोन ठिकाणी चुकलं होतं. पण तिनं मागितलेलं सगळं त्यात होतं, तारखांसकट. खाली एक ओळ जास्तीची होती: तिच्या सुटीत जो कोणी काम बघेल त्याला सुरुवातीलाच सांगण्यात येईल की ही जागा तिची आहे.

“मिस्त्री तू परत येईपर्यंत थांबतायत,” बाई म्हणाल्या. “मी त्यांच्या हातापाया पडायची तयारी करून गेले होते, तर ते म्हणाले, मी कधीच ठरवलंय. म्हणजे त्यांनाही माहीत होतं वाटतं?”

“त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“अस्सं.” बाईंनी सही केली. “स्प्रेगनला हात लावलास तर हा कागद मी फाडीन. आणि हे बघ, खोटं बोललीस याचा राग आहे मला. जाईल, पण वेळ लागेल.”

“चालेल,” बारीक म्हणाली.

बाईंचा राग तीन आठवडे टिकला. त्या कामापुरतं बोलत, ‘अगं’ म्हणायच्या नाहीत. त्याच दिवसांत शिलाईवाली परत मशीनवर बसली. तिच्या जागी आलेल्या दुसरीला बरं वाटलं नाही, दोन दिवस माडीवर भांडी वाजली, मग एक जुनं मशीन दुरुस्त करून आणलं गेलं आणि दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या.

कारखान्यात बातमी बारीकनं स्वतःच सांगितली, दुपारच्या चहाच्या वेळी, सगळ्यांना एकदम. सुतारांनी फळ्या वाजवल्या. घाईराव म्हणाला, “म्हणजे नाव बदलावं लागणार आता.” मग तो गप्प झाला, बहुधा ॲलर्जीवरून केलेली चेष्टा आठवून, आणि त्या दिवसापासून त्यानं पॉलिशखोलीचं दार उघडं टाकणं बंद केलं.

चौदाव्या आठवड्यात, पहिल्या पंधरा खुर्च्या वाळत ठेवल्या असताना, तिला रक्त दिसलं. थोडंच, पण दिसलं. ती कारखान्याच्या स्वच्छतागृहातून बाहेर आली. मागच्या वर्षी अशाच वेळी तिनं पाणी पिऊन, काही झालंच नाही असा चेहरा करून घरची वाट धरली होती. या वेळी ती सरळ केबिनच्या दाराशी गेली. “बाई, मला दवाखान्यात जायचंय. आत्ता.”

बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. काचेवर बोटांनी वाजवून त्यांनी घाईरावला बोलावलं. कारखान्याची गाडी तोच चालवायचा. बाई मागे तिच्या शेजारी बसल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन. आणि जन्मात कधी कोणाला पुढे जाऊ न देणाऱ्या घाईरावनं त्या दिवशी गाडी अशी चालवली, की सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात होते. रस्त्यात खड्डा आला की तो आधी थांबे, त्याच्याकडे नीट बघे, मग बाजूनं जाई.

“अरे, जरा चल की,” बाई न राहवून म्हणाल्या.

“गचका बसेल,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बारीक रडत होती. थांबवायचा प्रयत्न तिनं केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पडद्यावर दाखवलं. बाळ ठीक होतं, चांगलं हातपाय हलवत होतं. बाळाची वार जरा खाली होती, म्हणून आठ दिवस झोपून राहायला सांगितलं. नवरा तोवर पोहोचला होता, हाताला लिफ्टचं ग्रीस तसंच. घाईरावनं बाहेरच्या बाकावरून उठून त्याला जागा दिली आणि कधी नव्हे ते एका जागी उभा राहिला.

आठ दिवसांनी ती कामावर गेली, तेव्हा दारापासून पॉलिशखोलीपर्यंत पोहोचायला तिला अर्धा तास लागला. प्रत्येकानं विचारलं. प्रत्येकाला तिनं पहिल्यापासून सांगितलं. सासूबाई ज्याला घाबरत होत्या ते हेच होतं, पण तिला ते जड गेलं नाही. शेवटी बाई केबिनमधून बाहेर आल्या. “अगं, बसून सांग की,” त्या म्हणाल्या.

खुर्च्या वेळेवर गेल्या. टेबलं आठवडाभर उशिरा, कारण शेवटच्या दोन टेबलांवर तिचं समाधान होईना आणि तिनं ती परत घासायला लावली. घाईरावनं हाय खाल्ली, पण घासली. आठव्या महिन्यात ती एकदा वाचनकक्षात जाऊन आली. माणसं पेपर वाचत होती, एकजण चक्क घोरत होता. कोणी खुर्चीकडे बघत नव्हतं. ग्रंथपाल म्हणाला, एकाचीही तक्रार नाही. तिला तेवढं पुरलं.

मुलगी झाली. भर दुपारी, फारसा त्रास न देता. सासूबाईंनी तासाभरात सगळ्या ओळखीपाळखीच्यांना फोन केले. पस्तीस वर्षांचं मौन त्यांनी त्या दिवशी व्याजासह मोडलं, असं नवरा म्हणाला.

कागदावरच्या तारखेला ती परत गेली. मिस्त्रींनी किल्ल्या दिल्या, दोन नवे डबे कुठे ठेवलेत ते सांगितलं आणि गुडघे धरत घरी गेले. खोलीच्या मध्यभागी एक जुनं कपाट उभं होतं. त्याच्या एका दाराचे पोपडे पार उडाले होते आणि ते दार नीट लागतही नव्हतं. तिनं बाह्या वर केल्या आणि आधी बिजागरी तपासायला घेतली.